दुपारी तीनचा उजेड

रक्षा काटेखाये कोणाला माफ करत नाही. लाखांदूर तालुक्यात हे बऱ्याच जणांना माहीत आहे आणि तीही ते लपवत नाही. मी शाळेत शिक्षक, सातवीत ती माझ्या वर्गात शिकायला होती. तेव्हाही कमीच बोलायची. पुढे तिच्यावर जे बेतलं आणि तिनं त्याचं जे केलं, त्यातलं बरंचसं तिनंच मला सांगितलं. शेवटचा दिवस मात्र मी स्वतः पाहिला, कारण त्या दिवशी माझं धान मिलमध्ये होतं.

मिल धनीरामसेठची. गावाबाहेर धानाच्या बांध्या संपतात तिथं तिचं पत्र्याचं उंच छप्पर दिसतं. रक्षाची आई रत्नाबाई या मिलमध्ये तांदूळ निवडायला जायची. त्या काळी मिलच्या पडवीत तीसेक बाया ओळीनं बसत. प्रत्येकीच्या मांडीवर सूप. काळा दाणा, पिवळा दाणा, डागी दाणा बोटानं बाजूला सारायचा आणि पांढरा तांदूळ पुढे ढकलायचा. रत्नाबाईची नजर इतकी पक्की की इतर बायांचं निवडलेलं सूप तपासायला तिच्याकडे येई.

मग मिलमध्ये सॉर्टेक्स मशीन आली. वरून तांदळाची धार घसरत खाली येते, दोन्ही बाजूंनी तिच्यावर एलईडीचा लख्ख उजेड पडतो, कॅमेरा एकेक दाणा पाहतो आणि डागी दाणा दिसला की हवेचा फटका मारून त्याला बाजूच्या पेटीत उडवतो. तीस बायांचं आठ दिवसांचं काम मशीन अर्ध्या दिवसात करू लागली. बाया घरी गेल्या. रत्नाबाईला सेठनं झाडलोट आणि पोती भरायला ठेवून घेतलं.

रक्षा तेव्हा नववीत होती. आईचा डबा द्यायला जायची आणि त्या मशीनसमोर उभी राहायची. आईचं काम जिनं घेतलं तिच्यावर राग कसा आला नाही, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, मशीननं माझ्या मायला कधी खोटं ठरवलं नाही, मग राग कायले?

बारावीनंतर तिनं भंडाऱ्याला आयटीआय केलं, इलेक्ट्रॉनिक्समध्ये. वर्गात दोनच मुली होत्या. तिथून ती वरठीला योगेंद्रच्या दुकानात कामाला लागली. योगेंद्र तेव्हा पस्तिशीचा, गोड बोलणारा. तुमसरपासून लाखांदूरपर्यंतच्या राईस मिलमध्ये सॉर्टेक्सची दुरुस्ती तोच करायचा. मशीनमधल्या उजेडाच्या पट्ट्या, ज्यांना मिलवाले बार म्हणतात, त्या जळाल्या की त्याच्या दुकानात येत. दुकानात मागच्या टेबलावर रक्षा आणि ललिताबाई नावाची एक वयानं मोठी बाई, दोघी एलईडी बदलायच्या, सोल्डर करायच्या.

सगळ्या मिलवाल्यांची तक्रार एकच असे. सकाळी मशीन बरोबर चालते. दुपारी दोन-तीनच्या सुमारास बाद तांदळाच्या पेटीत चांगला तांदूळ पडायला लागतो. कोणी काच पुसायचं, कोणी कॅमेऱ्याला दोष द्यायचं. योगेंद्रचा उपाय ठरलेला होता: बारला करंट वाढवून द्यायचा. बार झगझगायचा, मालक खूश व्हायचा आणि दोन महिन्यांत तो बार पुन्हा टेबलावर यायचा.

रक्षानं एक दिवस दुकानातलं उजेड मोजायचं मीटर उचललं आणि दुरुस्तीला गेली असताना एका मिलमध्ये सकाळी नऊला आणि दुपारी तीनला तोच बार मोजला. तीनला उजेड एक तृतीयांशानं कमी होता. बारच्या पाठीला बोट लावलं तर चटका बसला. उजेड कुठे जातो ते तिला तिथंच कळलं. एलईडी तापली की मंद होते. मंद झाली म्हणून करंट वाढवला तर ती आणखी तापते आणि आणखी मंद होते. उजेड कमी पडला की मशीनला पांढरा दाणाही काळपट दिसतो आणि ती त्याला बाहेर फेकते. म्हणजे उजेड वाढवायचा तर आधी ताप बाहेर काढायला हवा.

पुढचे आठ महिने तिनं याच्यावर घालवले. काम संपल्यावर रोज तास-दीड तास. कमी एलईडींना जास्त करंट देण्याऐवजी जास्त एलईडी लावून प्रत्येकीला कमी करंट दिला. एलईडी ज्या पट्टीवर बसते ती साध्या फायबरची न ठेवता अल्युमिनिअमची घेतली, म्हणजे उष्णता लवकर मागे सरकते. पट्टी आणि मागच्या धातूमध्ये जी पेस्ट लावतात ती सगळे थापून लावत. तिनं ती भाकरीवर तूप लावून बोटानं पुसून घ्यावं इतकी पातळ केली. मागचा धातू काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केला. उष्णता बाहेर सोडणाऱ्या त्याच्या पात्या आडव्या होत्या, त्यांवर कोंड्याची धूळ बसून गादी तयार व्हायची. तिनं त्या उभ्या केल्या. शेवटच्या बारमध्ये सकाळ आणि दुपार यांच्या उजेडात विसावा हिस्साही फरक राहिला नाही. तिनं आकडे वहीत लिहिले आणि वही योगेंद्रला दाखवली. त्यानं ती घरी नेली.

पुढच्या वर्षी नागपूरच्या एका औद्योगिक प्रदर्शनात त्या बारला बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला. हातात बार धरून योगेंद्र उभा होता आणि खाली छापलं होतं की तीन वर्षांच्या अथक संशोधनातून त्यांनी हे साध्य केलं. रक्षानं विचारलं तेव्हा तो हसला. त्याच्या दुकानात, त्याच्या टेबलावर जे होतं ते त्याचं, असं त्यानं तिला समजावून सांगितलं, आणि वही कुठंतरी हरवली म्हणाला.

एवढ्यावर मी गप्प बसले असते, असं रक्षा म्हणते. मला तशी खात्री नाही.

बारचं नाव झालं तशी मागणी वाढली. अल्युमिनिअमच्या पट्ट्या दिल्लीहून यायच्या आणि उशिरा यायच्या. योगेंद्रनं वाट पाहणं सोडलं. तो फायबरच्या पट्ट्या आणू लागला आणि त्यांच्या पाठीला चांदीसारखी चकचकीत टेप चिकटवू लागला. वरून पाहणाऱ्याला फरक दिसत नसे. रक्षानं त्याला दोनदा सांगितलं की हे तापेल, मिलमध्ये कोंड्याची धूळ असते, एखाद दिवशी पेटेल. दोन्ही वेळा ललिताबाई शेजारी बसून ऐकत होती.

दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर, नवं धान मिलवर आलं असताना, धनीरामसेठच्या मिलमध्ये एक बार पेटला. मशीनखालच्या धुळीनं पेट घेतला, आग धान वर चढवणाऱ्या पट्ट्यापर्यंत गेली. छपराचा एक भाग काळा पडला आणि एका हमालाचा हात भाजला. योगेंद्र गाडी घेऊन धावत आला. जळका बार त्यानं आपल्या पिशवीत टाकला आणि सेठला सांगितलं की सोल्डर कच्चं होतं. हा बार रक्षानं केलेला आहे, मुलीचं लक्ष कामात नसतं.

सेठनं रक्षाला मिलच्या अंगणात बोलावलं. हमाल, ट्रकवाले, पोती शिवणाऱ्या बाया, सगळे उभे होते. ललिताबाईलाही आणलं होतं. रक्षानं टेपची गोष्ट सांगितली. सेठनं ललिताबाईकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, मले काई मालूम नाई. मग सेठनं रक्षाला सगळ्यांसमोर माफी मागायला सांगितलं. ती मागेना. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. सेठचा आवाज चढला. शेवटी तो कडेला झाडू घेऊन उभ्या असलेल्या रत्नाबाईकडे वळला आणि म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

सव्वीस वर्षं ती त्या मिलमध्ये होती.

मायलेकी पायीच घरी आल्या. घरी आल्यावर रत्नाबाईनं पाय धुतले, चूल पेटवली आणि मग पाठमोरीच विचारलं, "तुह्या हातचं काम कच्चं होतं का वं?"

"नाई, माय."

"मंग ठीक."

त्यानंतर या विषयावर रत्नाबाई पुढची चार-पाच वर्षं बोलली नाही.

गाव मात्र बोललं. रक्षाला लोक मिलजाळी म्हणू लागले. आधी पाठीमागे, मग पोरं तोंडावर. साकोलीकडच्या एका घरी लग्नाची बोलणी जवळजवळ ठरली होती. त्यांनी निरोप पाठवला की सध्या थांबतो. तिच्या भावानं, सचिननं, नागपूरला काम शोध असं सुचवलं. ती म्हणाली, मी इथंच राहीन. योगेंद्रनं मले जिथं खोटं पाडलं, तिथंच त्याले खोटं पाडीन.

वरठीचं काम सुटलंच होतं. घरामागे जनावरांचा रिकामा कोठा होता. तिनं तो सारवून घेतला, वीज घेतली आणि टीव्ही, पंखे, मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करू लागली. हे पोटासाठी. कोपऱ्यात मात्र तिनं पत्र्याची एक पेटी केली होती. आत साधे पिवळे बल्ब लावून ती पेटी मिलच्या मे महिन्यातल्या दुपारइतकी तापवायची आणि तिच्यात आपले बार दिवसचे दिवस पेटते ठेवायची. दर तासाला मोजायची. योगेंद्रकडची वही गेली होती. पण आकडे तिला पाठ होते. आता ती त्यांच्याही पुढे गेली. एलईडीच्या पुढच्या भिंगाचा कोन बदलला, म्हणजे उजेड इकडेतिकडे न सांडता तांदळाच्या धारेवरच पडेल. धूळ आत शिरू नये म्हणून कडांना रबर लावलं. जो बार तीनशे तास टिकला नाही तो तिनं फोडून टाकला.

मी एकदा तिच्याकडे पंखा दुरुस्तीला नेला होता. भिंतीवर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर नावं लिहिलेली दिसली. एकतीस राईस मिल. वर मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या बपेऱ्यापासून खाली लाखांदूरपर्यंत. मी विचारलं, या तुझ्या गिऱ्हाइकांची नावं का? ती म्हणाली, नाही, त्याच्या. सगळ्यात खाली धनीरामसेठचं नाव होतं आणि त्याच्याखाली रेघ मारलेली होती.

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा बाहेर पडली. जुनी स्कूटी, मागे बांधलेलं खोकं. ती सकाळी कोणत्याच मिलमध्ये जात नसे. बरोबर तीनला पोचायची, जेव्हा पत्रा तापून कडकड वाजत असतो. योगेंद्रचं नाव घ्यायची नाही, आपलंही गुणगान करायची नाही. मालकाला एवढंच सांगायची की बाद पेटीतला एक मूठ तांदूळ काढून उन्हात पाहा. मालक मूठ उघडायचा. धानाच्या मुलखात माणसाला तांदूळ ओळखायला मीटर लागत नाही. दहातले पाच-सहा दाणे दुधासारखे पांढरे असायचे. मग ती म्हणायची, माझा बार आठ दिवस लावून पाहा, पटला नाही तर काढून नेते.

मिल तिच्याकडे आली की घरी येऊन ती लाल पेननं यादीतलं नाव खोडायची. पहिल्या वर्षी चार नावं खोडली. दुसऱ्या वर्षी अठरा. मला तिनं सांगितलं, "एक नाव खोडलं का गुरुजी, मले पोटभर जेवल्यासारखं वाटे."

योगेंद्रला अर्थातच कळलं. आधी त्यानं मिलजाळीची गोष्ट पुन्हा फिरवली. काही मालक बिचकले, पण बाद पेटी रोज दुपारी तिची बाजू मांडत होती. मग त्यानं फोन केला. झालं गेलं विसरू, दोघं मिळून काम करू, दुकानाच्या पाटीवर तुझंही नाव लावतो, असं बरंच काही. ती पूर्ण ऐकत राहिली. तो थकून गप्प झाल्यावर तिनं फोन ठेवला. त्याचा आवाज कधी नव्हे एवढा बारीक झाला होता, ते तिला नीट ऐकून घ्यायचं होतं.

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात यादीत नऊ नावं उरली होती. त्यात धनीरामसेठचं होतं. तिथं ती मुद्दाम गेली नव्हती. सेठ स्वतःहून बोलावेल याची ती वाट पाहत होती, आणि झालंही तसंच. सेठचा तयार तांदूळ डागी निघाला म्हणून दोनदा परत आला होता. बाद पेटीतल्या चांगल्या तांदळाचा मशीनशेजारी डोंगर झाला होता. त्यानं माणूस पाठवून तिला बोलावलं. तिनं उलटा निरोप दिला. येईन, पण योगेंद्र हजर पाहिजे, मिलमधली सगळी माणसं हजर पाहिजेत, आणि मशीन सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत थांबता कामा नये.

त्या दिवशी ती आली ती रत्नाबाईला स्कूटीवर मागे बसवून. रत्नाबाईनं धुवट लुगडं नेसलं होतं. मिलच्या फाटकात ती क्षणभर अडखळली, मग आत येऊन पोत्यावर बसली.

मशीनचे दोन भाग होते, डावा आणि उजवा, दोन्हींचे बार वेगळे. डाव्या भागात योगेंद्रनं आपले नवे बार लावले, उजव्यात रक्षानं. सव्वानऊला मीटर लावलं तर योगेंद्रचा उजेड रक्षाच्या सवापट होता. त्यानं मीटर सेठसमोर धरलं, मग हमालांना दाखवलं, मग माझ्याकडेही आणलं. गुरुजी, तुम्ही तरी वाचा, म्हणाला. मी आकडा वाचला. माणसं रक्षाकडे पाहू लागली. तिनं तो आकडा खडूनं भिंतीवर लिहिला, त्याच्याशेजारी आपला लिहिला आणि आईजवळ जाऊन बसली.

बाराला दोन्ही आकडे जवळजवळ सारखे झाले. योगेंद्रनं रुमालानं मान पुसली. एकनंतर मिलमध्ये श्वास घेणं कठीण झालं. दोनला डावीकडच्या बाद पेटीत पडणारी धार जाड झाल्याचं सगळ्यांनाच दिसलं. योगेंद्र म्हणाला की मशीनची सेटिंग थोडी सैल करावी लागेल. सेठनं रक्षाकडे पाहिलं. ती म्हणाली, करू द्या. त्यानं सेटिंग सैल केली. बाद पेटीतली धार बारीक झाली खरी, पण आता निवडलेल्या तांदळात काळे दाणे दिसायला लागले. त्यानं घाईनं पुन्हा घट्ट केली, धार पुन्हा जाड झाली. असं तीनदा झालं. कोणीतरी हसलं.

तीनला रक्षा उठली. मीटर तिनं स्वतः धरलं नाही. सेठच्या हातात दिलं. तिचा आकडा सकाळपेक्षा नखभर खाली आला होता. योगेंद्रचा निम्म्याच्या जवळ गेला होता. सेठनं दोन ताटल्यांत दोन्ही बाजूंचा बाद तांदूळ घेतला आणि दारात उन्हात नेला. उजवीकडच्या ताटलीत काळेपिवळे दाणे होते. डावीकडच्या ताटलीत तांदूळ होता, आपण घरी शिजवतो तसा.

"आता दोनीकडचा एकेक बार खोला," रक्षा म्हणाली.

योगेंद्र म्हणाला की गरम आहेत, थंड होऊ द्या. मिलच्या फिटरनं त्याच्याकडे लक्ष न देता मशीन थांबवून दोन्ही बार काढले. रक्षाच्या पट्टीच्या पाठीवर त्यानं पेचकसानं ओरखडा काढला, खाली धातू चमकला. योगेंद्रच्या पट्टीवरची चांदीची टेप उष्णतेनं आधीच सुटत आली होती. फिटरनं ती नखानं ओढली. खाली फायबर होतं, मधोमध भाजून तपकिरी झालेलं, वाकलेलं.

सेठनं ती पट्टी हातात घेतली आणि विचारलं, "आग लागली त्या साली बी असाच होता का बे?"

योगेंद्रनं आधी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "अल्युमिनिअमचा माल येऊनच नव्हता राहिला, सेठ."

भाजलेल्या हाताचा हमाल गर्दीतच होता. तो पुढे आला, पट्टीकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेला.

सेठ रक्षाला म्हणाला की तुझेच बार दोन्हीकडे लाव, फाटकात ट्रक उभा आहे, उद्या सकाळी माल निघायला हवा. ती म्हणाली, लावते, पण माझ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, तुम्ही अंगणात सगळ्यांसमोर जे बोलले होते ते आज सगळ्यांसमोर परत घ्या, आणि मला नाही, माझ्या मायला सांगा. सेठचं तोंड लाल झालं. पण तो रत्नाबाईसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की तुझ्या पोरीची चूक नव्हती, माझी होती. रत्नाबाईनं पदर सावरला, एवढंच.

दुसरी गोष्ट सांगताना रक्षाचा आवाज शांत होता. तिनं डावीकडच्या ढिगातलं एक घमेलं भरलं, सूप आणलं आणि जमिनीवर पोतं अंथरून योगेंद्रकडे बोट केलं.

"हे यायनं हातानं निवडावं. दाणा न् दाणा."

सेठ म्हणाला की जाऊ दे आता, शिकलेला माणूस आहे, एवढं कशाला. रक्षानं खिशातून पेचकस काढला आणि उजव्या भागातले आपले उरलेले बार सोडवून खोक्यात ठेवू लागली. बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

"योगेंद्र," सेठ म्हणाला, "बसा."

तो आधी हसला, गंमत असावी तसा. मग आजूबाजूला पाहिलं. कोणीच हसत नव्हतं. इस्त्रीची पँट वर ओढून तो पोत्यावर बसला. सूप मांडीवर नीट बसेना. बोटं घामानं ओली, दाणे चिकटत होते. चष्मा सारखा खाली घसरत होता. तासाभरात त्याचं अर्धंही झालं नाही. मला ते पाहवेना, खरं सांगतो. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. रक्षा त्याच्यासमोर दोन हात अंतरावर बसली होती आणि तिनं एकदाही नजर हलवली नाही.

त्यानं निवडलेला ढीग बाजूला सारला तेव्हा रत्नाबाई उठली. मला वाटलं, ती म्हणेल की पुरे आता. ती त्याच्याजवळ उकिडवी बसली, निवडलेल्या तांदळावरून तळहात फिरवला, त्यातून तीन काळे दाणे उचलले आणि त्याच्या हातावर ठेवले.

"परत पाय," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा पाहिलं. तिनं पुन्हा दोन काढले. सहा वाजले तरी हे चाललं होतं. शेवटी रत्नाबाईनं घमेलं स्वतःच उचललं, निवडलेला तांदूळ पोत्यात ओतला आणि लेकीला म्हणाली, चाल. पण रक्षा लगेच निघाली नाही. तिनं दोन्हीकडे आपले बार लावले, मशीन सुरू करून दिली, मीटर पाहिलं, आकडा लिहिला. योगेंद्र तोवर पोत्यावरच बसून होता. त्याच्या गाडीपर्यंत त्याला पोचवायला कोणी गेलं नाही.

ही गोष्ट बपेऱ्यापर्यंत जायला चार दिवस लागले. पावसाळा सुरू व्हायच्या आत यादीतली उरलेली सगळी नावं खोडली गेली. सेठनं रत्नाबाईला परत कामावर बोलावलं होतं. तिनं नको म्हणून कळवलं.

त्या दिवाळीत ललिताबाई रक्षाच्या दारात आली. योगेंद्रनं तिला कामावरून काढलं होतं. रक्षाच्या कोठ्यात आता पाच मुली काम करत होत्या आणि सोल्डरचा हात असलेलं माणूस तिला हवंच होतं. ललिताबाई रडली. लेकरं लहान होती, कामाची गरज होती, म्हणून तेव्हा बोलले नाही, असं तिनं सांगितलं. रक्षानं तिला बसायला दिलं, चहा दिला, सगळं ऐकलं आणि सांगितलं की तुझ्यासाठी माझ्याकडे काम नाही. मी तिला नंतर म्हणालो की बाई गरीब होती, दबलेली होती. तिनं मला विचारलं की माझी माय कोण होती, गुरुजी? अजूनही मला वाटतं की तिनं ललिताबाईला ठेवून घ्यायला हवं होतं. तिला तसं वाटत नाही.

मागच्या वर्षी वरठीचं दुकान बंद झालं. योगेंद्र छत्तीसगडकडे कुठंतरी नोकरीला गेला म्हणतात. हे कळलं त्या दिवशी रक्षा काम टाकून एसटीनं भंडाऱ्याला गेली, तिथून ऑटोनं वरठीला. स्टेशनच्या रस्त्यावर, दुकानाच्या समोर एक टपरी आहे. तिथं बसून तिनं दोन आलूबोंडे खाल्ले, चहा घेतला आणि बंद शटरकडे अर्धा तास पाहत राहिली. पाटी उतरवलेली होती. कारखान्यातली पाळी संपवून सायकलींवर घरी चाललेले कामगार मधून जात होते. दुकानात आता मोबाईलवाला येणार असं टपरीवाल्यानं सांगितलं.

मी तिला विचारलं, बरं वाटलं का?

"तिथं जाऊन थोडंसं वाईट वाटंल, असं मनात होतं," ती म्हणाली. "नाई वाटलं. आणखी एक चहा घेतला अन् आली."